मायनर घ्यावी की बाबांची ११००?

लेस्टरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा इथे देते.

‘बाबा १९६६ साली पुण्याहून डॉक्टर म्हणून इंग्लंडात आले. त्यांची पहिली गाडी मॉरिस ११००. मी सहा-सात वर्षांचा असताना त्याच गाडीतून आम्ही चौघं स्कॉटलंडला गेलो होतो. आईने सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. आई आता नाही. बाबा ८६ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. रविवारी सगळ्यांना घेऊन निघता येईल अशी एक जुनी गाडी घ्यायचं माझ्या मनात आहे. घरात आम्ही दोघं, १७ आणि १३ वर्षांच्या दोन मुली आणि बाबा. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक १९६७ ची चार दारांची मॉरिस ११००: साडेचार हजार पौंड, नवाकोरा रंग, खालून ताजं काळं डांबर मारलेलं. दुसरी १९६९ ची चार दारांची मॉरिस मायनर १०००: सहा हजार आठशे पौंड, रंग विटलेला, पण बिलांची जाडजूड फाइल आहे. माझा जीव ११०० वर, बायकोचं मत मायनरला. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं एवढं मला जमतं. बाबांना ११०० चा फोटो दाखवला तर ते हसले आणि म्हणाले, सकाळी उठून पाहावं तर ही एका कुशीवर झोपलेली असायची. कोणती घेऊ?’

नमस्कार. मायनर घ्या. आता असं का म्हणते ते सांगते, आणि तुमच्या बाबांच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

११०० च्या चाकांवर लोखंडी स्प्रिंग नव्हत्याच. प्रत्येक चाकापाशी रबर आणि द्रव भरलेला एकेक डबा, आणि एका बाजूच्या पुढच्या नि मागच्या डब्याला जोडणारी नळी. पुढचं चाक खड्ड्यावरून उचललं गेलं की द्रव नळीतून मागे जातो आणि गाडीची मागची बाजूही त्याच वेळी थोडी उचलली जाते. त्यामुळे गाडी पुढे-मागे डोलत नाही, सपाट चालते. अ‍ॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरची ही हायड्रोलॅस्टिक पद्धत. आतला द्रव म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात गोठू नये म्हणून अल्कोहोल आणि गंज धरू नये म्हणून थोडं औषध. पण नळी किंवा डबा झिरपायला लागला की त्या बाजूची दोन्ही चाकं एकदम बसतात, कारण दोन्हींचा द्रव एकच. बाबा म्हणतात ती कूस हीच. आणि ती वर उचलायला खास पंप लागतो, जो साध्या गॅरेजात नसतो. डॉक्टरांनी पन्नास वर्षांनंतरही निदान अचूक सांगितलं आहे!

तरी ११०० ला कमी लेखू नका. तुमचं मन तिच्यावर बसलं यात तुमचं काहीच चुकलेलं नाही, आणि तुम्हाला मायनर घ्या म्हणताना मलाही वाईट वाटतं. दोन्ही गाड्यांमागचं डोकं एकच, अ‍ॅलेक इसिगोनिस. मायनर त्यांनी १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात जगापुढे आणली, ११०० आली १९६२ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या चौदा वर्षांत या माणसाचा विचार कुठून कुठे गेला ते दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून टेप लावला की कळतं. मायनरची लांबी ३ मीटर ७६ सेंटिमीटर, ११०० ची ३ मीटर ७३. म्हणजे ११०० बोटभर लहानच. रुंदीतही फरक नगण्य. तरीही ११०० मध्ये मागे बसणाऱ्याचे गुडघे मोकळे राहतात आणि मायनरमध्ये ते पुढच्या सीटला टेकतात. कारण ११०० मध्ये इंजिन आडवं टाकलं आहे, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली बसवला आहे आणि ओढ पुढच्या चाकांना दिली आहे. त्यामुळे बॉनेट आखूड झालं, गाडीच्या मधून मागे जाणारा दांडा गेला, त्याच्यासाठी उंचावलेली जमीनही गेली. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर मायनरपेक्षा जवळजवळ १९ सेंटिमीटरनी वाढलं. ही सगळी जागा प्रवाशांच्या वाट्याला आली. वर पिनिनफारिना या इटालियन कारखान्याने दिलेलं नीटस रूप आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. सामान्य कुटुंबाच्या बजेटातल्या गाडीत त्या काळी एवढं सगळं एकत्र मिळणं ही मोठी गोष्ट होती. १९६३ ते १९७१ या काळात १९६७ चा अपवाद सोडला, तर ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली गाडी हीच. तेवढ्या एका वर्षी फोर्ड कॉर्टिना पुढे गेली. मॉरिस, ऑस्टिन, एमजी, रायली, वुल्झली अशा वेगवेगळ्या नावांनी मिळून २० लाखांहून जास्त विकल्या गेल्या.

मग त्या सगळ्या गेल्या कुठे? बहुतेक गंजून गेल्या. ११०० चं इंजिन आणि चाकं थेट गाडीच्या पत्र्यावर बसवलेली नाहीत. पुढे एक आणि मागे एक अशा लोखंडी चौकटी आहेत, त्यांना सबफ्रेम म्हणतात. मागची सबफ्रेम रस्त्यावरचं पाणी आणि हिवाळ्यात टाकलेलं मीठ वर्षानुवर्षं अंगावर घेते. आधी ती स्वतः सडते, मग तिचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात तो सडतो, आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या, सिल म्हणतात त्या, आतून सडत जातात. वरून रंग मारला की यातलं काहीही दिसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९८ साली कव्हेंट्रीला आम्ही एक हिरवी ११०० घेतली होती. वरून चकचकीत, खालून ताजं डांबर, विकणारा बोलायला गोड. दोन महिन्यांनी पावसात एका वळणावर मागून धप्प आवाज आला आणि गाडीचं बूड एका बाजूला सरकल्यासारखं झालं. मेकॅनिकने गाडी वर उचलली, सबफ्रेम जिथे अडकवलेली असते तिथे साधा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि बोटाने दाबला. तो भिजलेल्या खारीत जावा तसा आत गेला. डांबराच्या थराखाली लोखंड उरलंच नव्हतं. त्या वेळी गाडीत मागे माझी मुलगी बसलेली होती. तो आवाज आठवला की अजून पोटात गोळा येतो, आणि म्हणूनच तुमच्या पत्रातलं ‘खालून ताजं काळं डांबर’ वाचून मी आधी हातातला चहा खाली ठेवला.

तुम्ही पाहिलेली गाडी तशीच असेल असं मी म्हणत नाही. पण या वयाच्या ११०० ला नवं डांबर मारलेलं असेल तर त्याखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय एक पौंडही देऊ नका. आणि पाहिलं की बहुधा वेल्डिंगचा खर्च निघतो. साडेचार हजारांची गाडी तिथे बघता बघता नऊ-दहा हजारांची होते. त्यात ११०० चे नवे पत्रे मायनरसारखे सहज मिळत नाहीत. तिचे जाणकार आहेत, तिचा क्लबही आहे, लोक जीव लावून त्या जपतात. पण त्यातले बरेच जण स्वतः वेल्डिंग करणारे असतात. तुम्ही ऑइल आणि प्लगपर्यंत आहात, आणि तेवढ्यावर मायनर खुशाल चालते.

माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज होतं. आमच्याकडे दिवसभर अँबॅसिडर यायच्या, आणि अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचंच तिसरं रूप, मायनरची थोरली बहीण. पुढे पिळाच्या लोखंडी दांड्यांवरचं सस्पेन्शन, मागे स्प्रिंगचे पाटे, इंजिन उभं, ओढ मागच्या चाकांना. दोघींची ठेवण हीच. वडील म्हणायचे, जिथे हात पोचतो ती गाडी घरची. मायनरचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा आहे. डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, डायनमो, सगळं समोर. मायनर भारतातही जुळवली जायची, हिंदुस्तान मोटर्सने तिला ‘बेबी हिंदुस्तान’ नाव दिलं होतं. तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांनी विचारलं तर खुशाल सांगा, ही आपल्या ओळखीतलीच आहे.

इंजिनाचं म्हणाल तर तुम्ही पाहिलेल्या दोन्ही गाड्यांत ते मुळात एकच आहे. ए-सीरिज नावाचं, १०९८ सीसी, ४८ अश्वशक्ती. त्यामुळे जोर, पेट्रोल, आवाज यांवरून निवड करण्यात अर्थ नाही. दोघीही ताशी ५०-५५ मैलांवर सुखात असतात. मोटरवेवर ट्रकच्या मागे जायची तयारी ठेवा. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर बनली होती, शिशाविना व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, तेव्हा सिलिंडर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का ते बिलांत शोधा. नसतील तर पेट्रोलमध्ये टाकायचं औषध मिळतं. आणि पंपावर साधं ई-१० न भरता महागातलं ई-५ भरा. जास्त इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात.

आता मायनरची उणी बाजू, कारण तीही आहे आणि ती मी लपवणार नाही. पुढचं प्रत्येक चाक एका उभ्या पिनवर वळतं. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे असलेली खोबण आहे, तिला ट्रनियन म्हणतात. तिथे वेळच्या वेळी ग्रीस गेलं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक आत दुमडून गाडी नाकावर बसते. बहुतेक वेळा हे गाडी लावताना, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं, पण चालत्या गाडीतही होऊ शकतं. बघायला जाल तेव्हा पुढची बाजू जॅकवर उचलायला लावा, चाक वरून नि खालून धरून हलवा. खटखट आवाज आला तर आधी तेवढं काम करून घ्या. पुढे दर हजार मैलांना ग्रीस गन मारायची. ग्रीस भरायची चार तोंडं, म्हणजे निपल आहेत, ग्रीस कडेने बाहेर आलं की पुरे. हे तुमची तेरा वर्षांची मुलगीसुद्धा करील, आणि तिला ते काम जरूर द्या.

गंज मायनरलाही आहे. मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा, पायाखालची जमीन, पुढच्या सीटखालचा आडवा तुकडा, सगळं तपासा. फरक एवढाच की मायनरचे जवळजवळ सगळे पत्रे आजही नवे मिळतात, आणि त्यांचं वेल्डिंग शेकडो हातांनी शेकडो वेळा केलेलं आहे. मायनरच्या क्लबचं ठाणं डर्बीला, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. ब्रेक मात्र ११०० पेक्षा कमी प्रतीचे, चारही चाकांना ड्रम, आणि मुख्य सिलिंडर चालकाच्या पायाखाली जमिनीत. पुढे डिस्क ब्रेक बसवायचे तयार सेट मिळतात. पाच माणसं घेऊन जाणार असाल तर मी ते बसवूनच घेईन. मागच्या सीटलाही पट्टे बसवून घ्या. या गाड्यांना ते मुळात नव्हते, पण मुलींना मागे मोकळं बसवू नका.

आणि बाबा. मागच्या सीटपुरतं बोलायचं तर त्यांच्यासाठी ११०० बरी, हे मला मान्य आहे. चार दारांच्या मायनरचं मागचं दार चाकाच्या कमानीमुळे खालून अरुंद होतं. काठीवाल्या माणसाला तिथून पाय आत घेणं अवघड जाईल. पण त्यांना मागे बसवायचंच कशाला? पुढे बसवा. मायनरची पुढची सीट उंच आहे, तीत बसायला कमरेतून फार वाकावं लागत नाही. खरेदीच्या आधी एकदा त्यांना नेऊन बसवून, उठवून पाहा. तुमच्या सौ. आणि मुली मागे दाटीने बसतील, पण दोन तासांच्या फेरीला चालतं.

स्कॉटलंडच्या त्या प्रवासाचा विषय तुम्ही पत्रात दोनदा काढला आहे. मला वाटतं, तुम्हाला त्या गाडीत बाबांच्या शेजारी पुन्हा बसायचं आहे. ही इच्छा मोठी आहे, ती पुरी करा. पण त्यासाठी ११०० विकत घ्यावीच लागत नाही. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत चांगल्या जपलेल्या ११०० येतात आणि त्यांचे मालक मनमोकळे असतात. नव्वदीकडे चाललेल्या माणसाची ही पहिली गाडी होती म्हटल्यावर दार उघडून आत बसू देतीलच. कदाचित एक चक्करही मारून आणतील. शिवाय वॉरिकशरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, लेस्टरपासून जेमतेम तासाभराचा रस्ता. उत्पादनात आलेली पहिली मायनर तिथे आहे. मुलींना तिच्या बॉनेटवरची मधली पट्टी दाखवा. गाडी जवळजवळ तयार झाली होती तेव्हा इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना उभा मधोमध कापायला लावला, दोन भाग दूर सरकवून पाहिले आणि चार इंचांवर म्हणाले, बस. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्या चार इंचांची. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर आधीच बनवून ठेवले होते, त्यांच्याही मध्ये चार इंचांचा तुकडा जोडावा लागला. तळहात आडवा ठेवला की साधारण तेवढंच माप भरतं. सतरा वर्षांच्या मुलीला डिझाइन म्हणजे काय ते समजवायला याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही.

तरीही मन ११०० वरून हटेना, तर एकच अट घाला. सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की जुन्या एमओटी तपासण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या इथल्या वार्षिक तपासण्यांचा, इतिहास फुकट दिसतो. दोन्ही गाड्यांचा पाहा. ‘कॉरोजन’, म्हणजे गंज, हा शब्द कुठल्या वर्षी, गाडीच्या कुठल्या भागापुढे आला आणि नंतर ते काम झालं का, हे वहीत उतरवून घ्या. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना आता एमओटी सक्तीची नाही आणि रस्ता करही नाही. पण स्वेच्छेने तपासणी करून घेता येते आणि तिचा जास्तीत जास्त दर ५४ पौंड ८५ पेन्स आहे. विकणाऱ्याला सांगा, पैसे मी भरतो, गाडी तुम्ही माझ्या ओळखीच्या केंद्रावर आणा. ज्याचं खालचं लोखंड शाबूत आहे तो येईल. मागच्या सबफ्रेमच्या चारही बोल्टांपाशी डांबर खरवडून पत्रा पाहू द्यायला तयार झाला आणि खाली टणक, कोरडं लोखंड निघालं, तर ती ११०० घ्या आणि माझा सल्ला विसरा. सस्पेन्शनसाठी पंप असलेला माणूस मात्र आधी शोधून ठेवा.

मायनरच्या बाबतीत फाइल नीट वाचा. रंग विटला आहे त्याची मला काळजी नाही, विटलेला रंग खालचं खरं दाखवतो. बिलांत ‘किंगपिन’ (पुढच्या चाकाची ती उभी पिन), ‘ट्रनियन’, ‘स्प्रिंग हँगर’ (मागचे पाटे अडकवायची जागा) हे शब्द शोधा आणि तारखा पाहा. शेवटचं काम दहा वर्षांपूर्वीचं असेल तर सहा हजार आठशे जास्त होतात, सहा हजारांपासून बोला. विमा ठरलेल्या किमतीचा आणि कमी मैलांचा घ्या, स्वस्त पडतो.

गाडी पाहायला जाताना जुने कपडे घाला, टॉर्च आणि अंथरायला एक चटई न्या, आणि शक्यतो पावसानंतर जा. दारांच्या तळाशी आणि पायाखालच्या सतरंजीखाली हात घालून ओल आहे का पाहा. एमओटीचा कागद मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा, मी वाचून सांगते.